मंगोलिया सर्वबाद, वऱ्हाड नाबाद

ज्या देशातील बहुसंख्य नागरिकांनी क्रिकेटची बॅट प्रत्यक्ष पाहिलेली नसते, तिचा उपयोग काय हे ज्यांना समजावून सांगावे लागते आणि सांगितल्यावरही ज्यांचा त्यावर विश्वास बसत नाही, अशा देशाचाही एक राष्ट्रीय क्रिकेट संघ असतो. त्याला गणवेश असतो, कर्णधार असतो आणि सामना हरल्यावर 'पुष्कळ शिकायला मिळाले' असे सांगण्याची सोयही असते. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषद, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली आयसीसी, हिच्या शंभराहून अधिक सदस्यांपैकी केवळ बारा देश पूर्ण सदस्य असून, त्यांतले अफगाणिस्तान आणि आयर्लंड हे दोघे २०१७ साली पंगतीत बसले. बाकी सारे सहयोगी सदस्य होत. मराठी वृत्तपत्रांनी या बाकीच्यांना फार पूर्वीच 'लिंबूटिंबू' ठरवून टाकले आहे. गल्लीतल्या खेळात ज्या धाकट्या भावंडाला आईच्या धाकामुळे घ्यावे लागते, परंतु ज्याचे आउट धरले जात नाही, ते लिंबूटिंबू. प्रस्तुत लेखाचा विषय हे संघ आणि त्यांहूनही अधिक, अमरावती व अकोला या जिल्ह्यांत बसून त्यांच्याकडे पाहणारा प्रेक्षक हा आहे. कारण संघांचा अभ्यास पुष्कळांनी केला असला, तरी या प्रेक्षकाकडे विद्वानांचे लक्ष अद्याप गेलेले दिसत नाही.

लिंबूटिंबूंच्या इतिहासातील निर्णायक तारीख १ जानेवारी २०१९ ही मानावी लागते. त्या दिवसापासून कोणत्याही दोन सदस्य देशांच्या पुरुष संघांमध्ये झालेला वीस षटकांचा सामना अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना धरला जाईल, असे आयसीसीने ठरवले. निर्णयामागचा हेतू उदार होता. परिणाम असा झाला की लिंबूटिंबूचे आउट मोजले जाऊ लागले आणि धावा मोजायला मात्र दोन हातांची बोटे पुरू लागली. फेब्रुवारी २०२३ मध्ये स्पेनविरुद्ध आइल ऑफ मॅनचा संपूर्ण संघ १० धावांत बाद झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये मंगोलियाने सिंगापूरविरुद्ध त्याच १० धावांची बरोबरी साधली. सतरा वर्षांच्या हर्ष भारद्वाज या फिरकी गोलंदाजाने ३ धावांत ६ गडी बाद केले, म्हणजे त्याला धावांपेक्षा गडी दुपटीने मिळाले. हा विक्रम चिरकाल टिकेल असे वाटत असतानाच, अवघ्या अडीच-तीन महिन्यांत, नायजेरियाच्या २७१ धावांना उत्तर देताना आयव्हरी कोस्टचा संघ ७ धावांत गारद झाला आणि बोटेही शिल्लक राहिली. त्या डावातील सर्वोच्च वैयक्तिक धावसंख्या ४ होती. ती काढणाऱ्या सलामीवीराने संघाच्या निम्म्याहून अधिक धावा एकट्याने केल्या, हा पराक्रम सचिन तेंडुलकरच्या वाट्यालाही फार वेळा आलेला नाही, याची नोंद कोणी घेतली नाही, ही गोष्ट वेगळी.

वऱ्हाडात अशा सामन्यांची वार्ता टीव्हीवरून येत नाही, कारण ते टीव्हीवर दाखवत नाहीत. ती मोबाइलवरून येते आणि पानटपरीवर वाचली जाते. पानटपरी ही वऱ्हाडातील क्रिकेटविषयक उच्च न्यायपीठ असून, तेथे खटला चालू असताना पलीकडे खर्रा घोटण्याचे काम अखंड सुरू असते. खर्रा म्हणजे कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना पारदर्शक पन्नीत बांधून, टपरीवाल्याने तळहाताच्या जोराने एकजीव होईपर्यंत घासलेला पदार्थ. त्याला लागणारा वेळ गिऱ्हाइकाच्या ओळखीनुसार कमी-अधिक होतो. आइल ऑफ मॅनविरुद्ध स्पेनला विजयासाठी ११ धावा हव्या होत्या. पहिलाच चेंडू नो-बॉल पडला, पुढच्या दोन चेंडूंवर दोन षटकार गेले आणि सामना संपला. एवढ्या अवधीत पन्नीला गाठही बसत नाही. टपरीवरच्या जाणकारांनी या प्रकारास क्रिकेट म्हणण्यास हरकत घेतली, ती या कारणासाठी. पराभवाचे त्यांना काही नव्हते, पण गप्पांना वेळच मिळू नये हे त्यांच्या दृष्टीने खेळाच्या मूळ प्रयोजनाशी विसंगत होते.

मंगोलियाच्या दहा धावांवर तेथे ज्या प्रकारची चर्चा होते, तिचा नमुना पुढीलप्रमाणे देता येईल.

"काऊन गा भाऊ, हे मंगोलिया कुठी आलं?"

"चीनच्या वरतं. चंगेजखानचा मुलूख."

"अन् दहा रनात सपले? येवढे तं आमचं बारकं पोट्टं येका ओवरमंदी काढते."

"तुहं पोट्टं काढते थे टेनिस बॉलवर. सीझनचा बॉल नाकावर बसला म्हंजे समजन."

या चार वाक्यांत वऱ्हाडी प्रेक्षकाच्या विचारपद्धतीचे तिन्ही टप्पे सामावलेले आहेत. पहिला टप्पा भूगोलाचा: प्रतिस्पर्धी देश नकाशावर कोठे आहे हे ठाऊक नसणे हा त्या देशाचा दोष मानला जातो. दुसरा टप्पा तुलनेचा: परदेशी राष्ट्रीय संघाची धावसंख्या घरातील सर्वांत लहान सदस्याच्या धावसंख्येशी ताडून पाहिली जाते आणि निकाल नेहमी घराच्या बाजूने लागतो. तिसरा टप्पा शंकेचा असून, तो नेहमी तिऱ्हाईत माणूस उपस्थित करतो आणि त्याबद्दल त्याला चहा मिळत नाही. सीझनचा बॉल, म्हणजे कातड्याचा खरा क्रिकेटचा चेंडू, हा या शास्त्रातील निर्णायक पुरावा होय. वऱ्हाडातील बहुतांश महापराक्रम टेनिसच्या चेंडूवर, कोणा नगरसेवकाच्या किंवा भावी नगरसेवकाच्या नावे भरलेल्या रात्रीच्या स्पर्धेत घडलेले असतात, हे सत्य त्या बॉलचा उल्लेख होताच उघडे पडते.

लोकसंख्येचा युक्तिवाद मात्र वऱ्हाडी प्रेक्षकाला मान्य नसतो, कारण तो त्याच्यावरच उलटतो. २०११ च्या जनगणनेनुसार अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांची मिळून लोकसंख्या सत्तेचाळीस लाख आहे; संपूर्ण मंगोलिया देशाची साधारण पस्तीस लाख. आइल ऑफ मॅन या बेटावर जेवढे लोक राहतात, त्यांहून अधिक लोक एकट्या अचलपूर शहरात राहतात. म्हणजे ज्याला 'एवढासा देश' म्हणून हसले जाते, त्याच्याहून अधिक माणसे हसणाऱ्यांच्याच जिल्ह्यांत आहेत, आणि एवढ्या मनुष्यबळातून भारताच्या पुरुष संघापर्यंत पोचलेल्यांची नावे सांगायची वेळ आली की टपरीवर एकाएकी सुपारी चघळण्याचे काम वाढते.

सप्टेंबर २०२३ मध्ये चीनमधील हांगझौ येथे आशियाई क्रीडा स्पर्धेत मंगोलियाने आपला पहिला अधिकृत वीस षटकांचा सामना खेळला. प्रतिस्पर्धी नेपाळ होता. नेपाळने ३ बाद ३१४ धावा केल्या. पुरुषांच्या क्रिकेटमध्ये या प्रकारात आंतरराष्ट्रीय पातळीवर तीनशेचा टप्पा तोवर कोणीच ओलांडला नव्हता. कुशल मल्लाने ३४ चेंडूंत शतक ठोकले आणि दीपेंद्रसिंह ऐरीने ९ चेंडूंत अर्धशतक, म्हणजे मंगोलियन गोलंदाजांना त्याचे नाव नीट उच्चारता येण्यापूर्वीच तो पन्नाशी पार करून गेला. उत्तरादाखल मंगोलियाचा डाव ४१ धावांत आटोपला. या ४१ धावांवर वऱ्हाडात पोट धरून हसणाऱ्यांनी एक जुनी आकडेवारी विसरून जाणे पसंत केले. १९ डिसेंबर २०२० रोजी अॅडलेड येथे, तीन दिवसांपूर्वी नव्हे तर अठ्ठ्याऐंशी वर्षांपूर्वी कसोटी क्रिकेट खेळू लागलेल्या भारताचा डाव ३६ धावांवर संपला होता, आणि एकाही फलंदाजाला दोन आकडी धावसंख्या गाठता आली नव्हती. कसोटी सामना आणि वीस षटकांचा सामना यांची तुलना शास्त्रशुद्ध नाही, हे खरे. तथापि कसोटीत फलंदाजाला दोन दिवसही खेळत राहण्याची मुभा असते, हे ध्यानात घेतले तर ती अशास्त्रीयता भारताच्या बाजूने फारशी झुकत नाही. मंगोलियाने पहिल्याच दिवशी भारताच्या नीचांकाला पाच धावांनी मागे टाकले, असे विधान अकोल्यात करून पाहण्यासारखे आहे; मात्र ते निघण्याच्या तयारीत असताना करावे.

याच हांगझौमध्ये आणि याच मैदानावर, सहा दिवसांनी, ३ ऑक्टोबर रोजी, उपांत्यपूर्व सामन्यात भारताची गाठ नेपाळशी पडली, आणि या सामन्यात अमरावतीच्या जितेश शर्मा या यष्टिरक्षकाने भारताकडून आंतरराष्ट्रीय पदार्पण केले. अमरावतीच्याच भारती फुलमाळीने २०१९ साली पदार्पण केले ते इंग्लंडविरुद्ध. जितेशच्या वाट्याला नेपाळ आला, तोही चीनमध्ये, जेथे क्रिकेटचे मैदान एका विद्यापीठाच्या आवारात होते. वऱ्हाडी प्रेक्षकाची यामुळे मोठी अडचण झाली. जोवर नेपाळ मंगोलियाला धुत होता, तोवर तो लिंबूटिंबूंपैकी एक असूनही कौतुकास पात्र होता. आता त्याला अतिशय बलाढ्य ठरवणे भाग होते, कारण पदार्पण बलाढ्य संघाविरुद्ध झाले तरच ते पदार्पण. सुदैवाने नेपाळनेच या कामी मदत केली. भारताच्या ४ बाद २०२ धावांचा पाठलाग करताना त्याने १७९ पर्यंत मजल मारली आणि भारत केवळ २३ धावांनी जिंकला. यशस्वी जयस्वालने शतक काढले. जितेशला ५ धावांवर परतावे लागले, पण तोपर्यंत अमरावतीत त्याच्या यष्टिरक्षणाची थोरवी निर्विवादपणे प्रस्थापित झाली होती. पुढे अंतिम सामना अफगाणिस्तानविरुद्ध पावसाने धुऊन काढला, क्रमवारीत वर असल्यामुळे भारताला सुवर्णपदक देण्यात आले, आणि अशा रीतीने अमरावतीत आशियाई सुवर्णपदक आले ते पावसाच्या कृपेने. ज्या प्रदेशात पाऊस वेळेवर आल्याची तक्रार कोणी कधी केलेली नाही, तेथे या गोष्टीचे कोणाला नवल वाटले नाही.

जितेशच्या कारकिर्दीची सुरुवातही अभ्यासनीय आहे. महाराष्ट्रात शालेय स्पर्धांमध्ये राज्य पातळीपर्यंत खेळलेल्या विद्यार्थ्याला परीक्षेत सवलतीचे वाढीव गुण मिळतात, आणि संरक्षण दलात जाऊ इच्छिणारा जितेश आधी या गुणांसाठी क्रिकेटकडे वळला, असे त्याने मुलाखतींतून सांगितले आहे. क्रिकेटमुळे अभ्यास बुडतो हा पालकांचा सिद्धान्त असून, अभ्यासासाठी क्रिकेट हे त्याचे नेमके उलट रूप होय. या सवलतीमुळे वऱ्हाडातील किती कुटुंबांत बाप आणि मुलगा यांचे प्रथमच एकमत झाले असेल, याची मोजदाद व्हायला हवी.

लिंबूटिंबू संघ तयार कसा होतो, हा प्रश्न आता घ्यावयास हरकत नाही. देशातील लोक खेळत नसतील तर खेळणारे लोक देशात आणावे लागतात, आणि ही युक्ती मुळीच नवी नाही. १९०० सालच्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेटचा समावेश होता. बेल्जियम आणि नेदरलँड्स यांनी आयत्या वेळी माघार घेतल्यामुळे दोनच संघ उरले, ग्रेट ब्रिटन आणि फ्रान्स. फ्रान्सच्या संघात बहुतेक खेळाडू पॅरिसमध्ये राहणारे इंग्रज होते. इंग्रजांनी इंग्रजांना १५८ धावांनी हरवले आणि फ्रान्सला रौप्यपदक मिळाले. आयसीसीच्या आजच्या नियमानुसार त्या देशात जन्म, त्या देशाचे पारपत्र किंवा तेथे तीन वर्षांचे वास्तव्य, यांपैकी एक गोष्ट असली की खेळाडू त्या देशाकडून खेळण्यास पात्र ठरतो. यांतील तिसरी अट वऱ्हाडातील मध्यमवर्गाला विशेष आशादायक वाटते. पुण्यातील नोकरीतून जर्मनीत किंवा फिनलंडमध्ये गेलेल्या, आणि जाताना बॅगेत शेवयांच्या व सांडग्यांच्या पुड्यांबरोबर पॅडही नेलेल्या मुलाला, तेथे तीन हिवाळे काढले की राष्ट्रीय खेळाडू होण्याची संधी असते. विवाहेच्छूंच्या परिचयपत्रात 'राष्ट्रीय क्रिकेटपटू' हे शब्द ठळक आणि देशाचे नाव बारीक अक्षरांत छापण्याची व्यवस्था मग अकोल्यातील कोणताही मुद्रक करून देतो.

या मार्गाने गेलेल्यांत सर्वांत उजळ नाव मुंबईच्या सौरभ नेत्रावळकरचे. २०१० साली तो भारताच्या एकोणीस वर्षांखालील संघातून विश्वचषक खेळला. त्या स्पर्धेत भारताला उपांत्यपूर्व फेरीत पाकिस्तानने हरवले आणि त्या पाकिस्तानी संघात बाबर आझम होता. पुढे मुंबईकडून रणजी खेळूनही जागा पक्की होत नाही, हे पाहून नेत्रावळकरने अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात संगणकशास्त्राचे उच्च शिक्षण घेतले आणि ओरॅकल या कंपनीत अभियंता म्हणून नोकरी धरली. ६ जून २०२४ रोजी डॅलसजवळ ग्रँड प्रेअरी येथे वीस षटकांच्या विश्वचषकात अमेरिका आणि पाकिस्तान यांची धावसंख्या १५९ वर बरोबरीत सुटली. अशा वेळी प्रत्येक संघाला एकेक षटक जादा खेळायला देतात, त्यास सुपर ओव्हर म्हणतात. अमेरिकेने त्या षटकात १८ धावा केल्या, नेत्रावळकरने पाकिस्तानला १३ वर रोखले, आणि बाबर आझमच्या संघाला चौदा वर्षांनी त्याच गोलंदाजाकडून हिशेब चुकता करून मिळाला. त्या दिवशी महाराष्ट्रभर अमेरिकेचा विजय घरचे कार्य असावे तसा साजरा झाला. वऱ्हाडात तर नेत्रावळकरांचे मूळ गाव मूर्तिजापूरकडे निघते का, याचा तपासही थोडा वेळ चालला.

सहाच दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये याच नेत्रावळकरने विराट कोहलीला पहिल्या चेंडूवर शून्यावर आणि पाठोपाठ रोहित शर्माला ३ धावांवर बाद केले, तेव्हा मात्र घरचे कार्य थांबले. कोणासाठी टाळ्या वाजवाव्यात, या प्रश्नाने प्रेक्षक गोंधळला. आपला मुलगा आपल्याच मुलांना बाद करतो, या पेचावर अमेरिकेनेच उतारा शोधला. दोन षटकांच्या मध्ये साठ सेकंदांहून अधिक वेळ घेण्याची चूक तिसऱ्यांदा केल्यास प्रतिस्पर्ध्याला ५ धावा बहाल होतात, असा नियम आहे. अमेरिकेच्या संघाकडून तो मोडला गेला आणि भारताला ३० चेंडूंत ३५ धावा हव्या असताना त्या ३० चेंडूंत ३० झाल्या. दुनियेत सर्वांत घाईत असणाऱ्या देशाला उशीर केल्याबद्दल दंड व्हावा आणि त्याचा लाभ भारताला मिळावा, ही घटना वऱ्हाडी माणसाने मोठ्या समाधानाने ऐकली. पत्रिकेवर साडेअकराचा मुहूर्त छापून दीड वाजता अक्षता टाकणाऱ्या प्रदेशात, अशा नियमाने फार संसार मोडले असते. त्यातही अमेरिकेला क्रिकेटमधील नवशिकी म्हणणे इतिहासाला धरून नाही: जगातील पहिला आंतरराष्ट्रीय क्रिकेट सामना १८४४ साली न्यूयॉर्कमध्येच अमेरिका आणि कॅनडा यांच्यात झाला, कॅनडाने तो २३ धावांनी जिंकला, आणि त्यानंतर या दोन्ही देशांनी बाकीच्या जगाला शिकायला पुरेसा वेळ दिला.

लिंबूटिंबूंना महाराष्ट्राची भूमी मानवते, असेही दिसून येते. २९ फेब्रुवारी १९९६ रोजी, म्हणजे चार वर्षांतून एकदा येणाऱ्या दिवशी, पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर केनियाने १६६ धावा केल्या आणि वेस्ट इंडीजला ९३ धावांत गुंडाळले; ब्रायन लाराचा झेल यष्टिरक्षक तारिक इक्बालने टिपला. २००३ साली त्याच केनियाला मुंबईच्या संदीप पाटील यांनी प्रशिक्षण दिले आणि तो संघ विश्वचषकाच्या उपांत्य फेरीपर्यंत पोचला, जेथे भारताने त्याला ९१ धावांनी हरवून पाटील यांचा अर्धा देश सुखी केला व अर्धा ओशाळला. नागपूरजवळच्या जामठा मैदानावर २०११ साली नेदरलँड्सच्या रायन टेन डेशकाटेने इंग्लंडविरुद्ध ११९ धावा काढून इंग्रजांना ४९ व्या षटकापर्यंत घाम गाळायला लावला. २०१६ च्या मार्चमध्ये त्याच मैदानावर रायन कॅम्पबेलने हाँगकाँगकडून वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी या प्रकारात पदार्पण केले, आणि त्याच महिन्यात अफगाणिस्तानने तेथेच वेस्ट इंडीजला ६ धावांनी हरवले. वेस्ट इंडीजने पुढे आठवड्याभरात तोच विश्वचषक जिंकला. अमरावतीहून जामठा दीडशे किलोमीटर आणि अकोल्याहून अडीचशे असल्याने तिकडे जाणाऱ्या प्रेक्षकांत दोन प्रकार आढळतात: भारताच्या सामन्याचे तिकीट न मिळालेले, आणि तिकीट मिळाले असे घरी सांगून निघालेले. कॅम्पबेलचे वृत्त मात्र चाळिशी उलटलेल्या दोन्ही प्रकारांना सारखेच उत्साहवर्धक ठरले आणि माळ्यावरचे पॅड खाली काढण्यात आले, ते उंदरांनी आतला कापूस नेलेला असल्यामुळे पुन्हा वर गेले.

एवढे झाल्यावर मूळ मुद्द्यापाशी यावे लागते, आणि तो वऱ्हाडी प्रेक्षकाला फारसा रुचणारा नाही. मंगोलियाविषयी आज अकोल्यात जे बोलले जाते, शब्दश: तेच मुंबईत विदर्भाविषयी साठ वर्षे बोलले जात असे. रणजी करंडकाच्या आरंभीच्या काळात हा प्रदेश मध्य प्रांत व वऱ्हाड या नावाच्या संघातून खेळत असे. विदर्भाचा स्वतंत्र संघ १९५७-५८ च्या हंगामात उतरला आणि पुढची साठ वर्षे त्याने इतर संघांना गुण पुरवण्याचे काम निष्ठेने केले. दुबळ्या संघांसाठी केलेल्या प्लेट गटातही, म्हणजे ज्यातून वर चढण्यासाठी आधी आपसांत झगडावे लागते त्या खालच्या वर्गात, त्याने दिवस काढले. मग २०१७-१८ साली इंदूरच्या मैदानावर दिल्लीला हरवून विदर्भाने करंडक पटकावला. रजनीश गुरबानीने अंतिम सामन्यात हॅट्ट्रिक घेतली आणि अकोल्याच्या आदित्य ठाकरेने प्रथम श्रेणीतले पदार्पण थेट या अंतिम सामन्यातच केले. पुढच्या हंगामात करंडक पुन्हा आला आणि २०२४-२५ मध्ये तिसऱ्यांदा. यांतील पहिल्या दोन चमत्कारांमागे प्रशिक्षक चंद्रकांत पंडित आणि फलंदाज वसीम जाफर हे होते, आणि दोघेही मुंबईचे. म्हणजे खेळणारे लोक बाहेरून आणण्याची जी फ्रेंच युक्ती टपरीवर नेहमी उपहासाचा विषय होते, तीच विदर्भाने अधिक चोखपणे वापरली होती. हे निदर्शनास आणून दिल्यास मिळणारे उत्तर ठराविक आहे: "थे येगळं, अन् हे येगळं." विदर्भाच्या संघाविषयी याखेरीजही एक सूत्र रूढ असून, त्यानुसार अकरांत वऱ्हाडचा कोणी नसला की तो संघ 'नागपूरचा' असतो आणि एखादा असला की तत्क्षणी 'आपला' होतो.

आपल्या खेळात दुसऱ्याला लिंबूटिंबू म्हणणे आणि दुसऱ्याच्या अंगणात आपला खेळ नेऊन दाखवणे, या दोन्ही कलांत अमरावती पूर्वीपासून निष्णात आहे. वैद्य बंधूंनी १९१४ साली स्थापन केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तेथे हुतूतूचे, म्हणजे आजच्या कबड्डीचे, प्रात्यक्षिक दाखवले. एक गडी एकच शब्द घोकत समोरच्या सात जणांत शिरतो, कोणाला तरी हात लावून पळतो आणि दम सुटला तर मेला असे समजतात, हे जर्मन प्रेक्षकांना समजावून देण्याचे काम कोणावर सोपवले गेले असेल, त्याच्याबद्दल सहानुभूतीच वाटते. त्या प्रेक्षकांच्या चेहऱ्यावरचा भाव हा उलानबातरच्या रस्त्यावर यष्ट्या रोवणाऱ्याकडे पाहणाऱ्या मंगोलियन माणसाच्या चेहऱ्याहून निराळा असण्याचे कारण नाही.

जागतिक स्पर्धांचे वऱ्हाडाला वावडे आहे, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. २०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोला महामार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किलोमीटर डांबरी रस्त्याची एक मार्गिका तयार करून गिनेस विक्रम नोंदवला गेला आणि आधीचा दोहा येथील विक्रम मोडला. कतारचाही राष्ट्रीय क्रिकेट संघ आहे. त्याच्याशी वऱ्हाडची गाठ मैदानावर अद्याप पडलेली नसली, तरी एकूण हिशेबात वऱ्हाड एका विजयाने पुढे आहे, असे तेथील अभ्यासक मानतात.

कबड्डीत हा हिशेब जरा गुंतागुंतीचा होतो. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत इराणच्या पुरुष संघाने भारताला उपांत्य फेरीत २७-१८ असे हरवले, आणि दुसऱ्याच दिवशी इराणच्या महिलांनी भारतीय महिलांना अंतिम सामन्यात २७-२४ असे नमवून सुवर्णपदक नेले. ज्यांना कबड्डी आपण शिकवली त्यांनीच आपल्याला धूळ चारली, अशी हळहळ देशभर व्यक्त झाली. टपरीवर मात्र ती अर्धा तासही टिकली नाही, कारण इराणच्या महिला संघाच्या प्रशिक्षक शैलजा जैन या नाशिकच्या असल्याची बातमी तोवर कोणाच्या तरी मोबाइलवर येऊन पोचली होती. "म्हंजे पोरी इरानच्या, पन मास्तरीन आपली," असा निकाल देण्यात आला, सुवर्णपदक महाराष्ट्राच्या खाती जमा झाले, रौप्य भारताकडे होतेच, आणि पुढची चर्चा कांस्य कोणाला मिळाले व त्यांचा प्रशिक्षक कुठला, या प्रश्नाकडे वळली.